व्हील्स आहेत, मग मॅग्नेटोटॉर्कर कशाला? उपग्रहाची दिशा धरून ठेवण्याबद्दल काही प्रश्न

तिसरा_अक्ष

५०० किमी उंचीवरच्या, साधारण २०० किलोच्या, कायम पृथ्वीकडे तोंड करून राहणाऱ्या उपग्रहाचं अभिमुखता-नियंत्रण, म्हणजे त्याचं तोंड हव्या दिशेला धरून ठेवणं, समजून घेतोय. कोनीय संवेग (फिरण्याचा साठा), जडत्व आघूर्ण (फिरण्याला वस्तूचा विरोध) हे गणितापुरतं माहीत आहे, पण यंत्रणा अशी का बांधतात ते उलगडत नाही.

रिअॅक्शन व्हील, म्हणजे आतलं मोटरवरचं चाक, एका बाजूला फिरवलं की उपग्रह दुसऱ्या बाजूला वळतो, हे कळलं. वीज सूर्याकडून फुकट मिळते. मग त्याच उपग्रहावर मॅग्नेटोटॉर्कर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर रेटा देणारे विद्युतचुंबक, तेही का असतात, आणि काहींवर थ्रस्टर का? वर हवा जवळपास नाहीच, तर एकदा नीट वळवून थांबवलेला उपग्रह हलवतं कोण? अक्ष तीन असताना व्हील्स चार का? आणि रॉकेटपासून सुटल्यावर गडगडत निघालेला उपग्रह पहिला फोटो काढेपर्यंत नेमका कोणत्या क्रमाने सावरतो?

सूत्रं नसली तरी चालतील, आकडे मात्र हवेत.

संवेगवही

तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. व्हील उपग्रहाचा संवेग नाहीसा करत नाही, फक्त स्वतःकडे घेऊन ठेवतं. बाहेरून आलेला संवेग बाहेरच टाकावा लागतो, आणि व्हील तर उपग्रहाच्या आत आहे. बाहेर टाकायला पकड घ्यावी लागते ती पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर, नाहीतर थ्रस्टरमधून फेकलेल्या वायूवर.

आता हलवतं कोण ते बघू. तुमच्या २०० किलोच्या उपग्रहाचा सौरपंख वगैरे धरून समोरचा भाग ३ चौरस मीटर समजा, आणि दाबाचं केंद्र वस्तुमानकेंद्रापासून १० सेंटीमीटर बाजूला आहे असं धरा.

५०० किमीवर हवेची घनता सूर्याच्या मर्जीवर दहापट वरखाली होते. मधली किंमत, म्हणजे दर घनमीटरला एका ग्रॅमचा दोनशे कोटीवा भाग एवढी हवा धरली तरी वेग सेकंदाला ७.६ किमी असल्यामुळे सुमारे १० मायक्रोन्यूटन-मीटर टॉर्क (वळवणारा जोर) येतो. सूर्यप्रकाशाचा दाब चौरस मीटरला ४.५ मायक्रोन्यूटन. थोडं परावर्तन धरलं तर त्याचा टॉर्क २ मायक्रोन्यूटन-मीटरच्या आसपास.

गुरुत्वाचं काय? उपग्रहाचा खालचा भाग पृथ्वीला किंचित जवळ असतो, त्याला ओढ किंचित जास्त. दोन अक्षांच्या जडत्व आघूर्णांत ४० किग्रॅ-चौ.मी.चा फरक असेल आणि उपग्रह १० अंश कललेला असेल तर हा टॉर्क २५ मायक्रोन्यूटन-मीटर होतो. आणि चौथा, ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तो म्हणजे उपग्रहाचं स्वतःचं चुंबकत्व. तारांतून वाहणारा प्रवाह आणि मोटरींमधले चुंबक मिळून १ अँपिअर-चौ.मी. द्विध्रुव (चुंबकाच्या ताकदीचं माप) उरला, तर ४० मायक्रोटेस्ला क्षेत्रात ४० मायक्रोन्यूटन-मीटर.

यातला बराचसा भाग पृथ्वीभोवतीच्या एका फेरीत स्वतःच उलटसुलट होऊन कटतो. पण समजा २० मायक्रोन्यूटन-मीटर कायम एकाच दिशेने उरला. फेरी ९४.६ मिनिटांची, म्हणजे ५,६७६ सेकंद. दर फेरीला ०.११ न्यूटन-मीटर-सेकंद संवेग व्हीलमध्ये साठतो, दिवसाला १५ फेऱ्यांचा मिळून १.७. तुमचं व्हील ६,००० फेरे प्रति मिनिटाला ४ न्यूटन-मीटर-सेकंद धरत असेल तर सव्वादोन-अडीच दिवसांत ते कमाल वेगाला पोचेल. त्यापुढे त्याला वेग वाढवता येत नाही, म्हणजे टॉर्क देता येत नाही, आणि तेवढा अक्ष हातातून गेला. याला संपृक्तता म्हणतात.

म्हणून मॅग्नेटोटॉर्कर. १५ अँपिअर-चौ.मी.चा टॉर्कर ३० मायक्रोटेस्ला क्षेत्रात ४५० मायक्रोन्यूटन-मीटर देतो. भूमिती साथ देत नाही म्हणून त्यातला निम्माच कामी आला असं धरलं तरी एका फेरीची साठवण आठ-दहा मिनिटांत बाहेर जाते. प्रत्यक्षात तो सारखाच हळूहळू रिकामं करत राहतो, व्हील भरायची वाट बघत नाही.

दोघांना दोन कामं का, तेही यातूनच दिसेल. व्हील ०.१ न्यूटन-मीटर टॉर्क हव्या त्या दिशेने, बारीक पायऱ्यांत देतं. टॉर्कर त्याच्या दोनशेव्या हिश्शाइतका देतो आणि तोही फक्त चुंबकक्षेत्राला लंब असलेल्या दिशांतच. क्षेत्राच्या रेषेभोवती वळवणं त्याला कोणत्याही क्षणी जमत नाही. उपग्रह फेरी मारतो तशी क्षेत्राची दिशा बदलते, म्हणून आत्ता न जमलेला अक्ष थोड्या वेळाने जमतो.

भूस्थिर कक्षेत हे फारसं चालत नाही. तिथे क्षेत्र ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे शेकडो पटींनी क्षीण, शिवाय सौरवादळात बेभरवशाचं. तिथे मुख्यतः थ्रस्टरच लागतात आणि इंधन हेच आयुष्य ठरवतं.

भोवरा_भोवरा

वरच्या उत्तरात एक भर. भूस्थिर कक्षेत सूर्यप्रकाशाचा दाब हाच मुख्य त्रास असतो, आणि तो रचनेतूनच कमी करता येतो. पंख दोन्ही बाजूंना सारखे असले की दाब तोलला जातो. इन्सॅट-१ आणि इन्सॅट-२ मालिकांतल्या हवामानाचा कॅमेरा असलेल्या उपग्रहांत त्या कॅमेऱ्याच्या शीतकाला एका बाजूचं थंड आकाश मोकळं हवं होतं, म्हणून पंख एकाच बाजूला ठेवले आणि दुसऱ्या बाजूला लांब दांड्यावर सौरशीड लावलं. त्याचं काम फक्त दाब तोलायचं. १९८२ मधल्या इन्सॅट-१अ चं शीड उघडलंच नाही, आणि त्याच वर्षी अभिमुखता राखायचं इंधन संपून तो उपग्रह सोडून द्यावा लागला.

केप्लर या अवकाश-दुर्बिणीने तर हाच दाब आधार म्हणून वापरला. तिची चारपैकी दोन व्हील्स २०१२ आणि २०१३ मध्ये बंद पडली. दोन व्हील्सवर तीन अक्ष धरता येत नाहीत. मग दुर्बीण कक्षेच्या पातळीत अशी रोखली की सूर्याचा दाब तिच्या दोन्ही कडांवर सारखा पडेल, आणि तिसरा अक्ष थ्रस्टरच्या अधूनमधून दिलेल्या टिचक्यांवर सांभाळला. दर ऐंशी-एक दिवसांनी आकाशाचा तुकडा बदलायचा, कारण सूर्य सरकतो. २०१४ पासून २०१८ मध्ये इंधन संपेपर्यंत ती अशी चालली.

चौथ्या व्हीलचं उत्तर अर्धं इथेच मिळालं: एक बंद पडलं तरी उरलेली तीन पुरतात, फक्त चारही तिरपी, पिरॅमिडसारखी बसवलेली हवीत. उरलेलं अर्धं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तीन व्हील्स असतील तर प्रत्येकाचा वेग परिस्थिती ठरवते. व्हीलला शून्यातून दुसऱ्या दिशेला जायची वेळ आली तर तुम्ही ते टाळू शकत नाही. शून्य ओलांडताना घर्षणाची दिशा एकदम उलटते, उपग्रहाला हिसका बसतो आणि फोटो फाटतो. शिवाय फार कमी वेगाला बेअरिंगमधला तेलाचा थर टिकत नाही, धातू धातूला घासतो आणि व्हीलचं आयुष्य घटतं.

चार असतील तर एक मोकळीक मिळते. पिरॅमिडमधली एकाआड एक व्हील्स उलट दिशांना सारख्या वेगाने वाढवली तर एकूण संवेग शून्यच राहतो. म्हणजे उपग्रहाला काहीही न कळता चारही व्हील्स मिनिटाला १,५०० किंवा २,००० फेऱ्यांवर नेऊन ठेवता येतात. मग दिवसभराचे चढउतार त्या वेगाच्या आसपास होतात आणि शून्य लांब राहतं.

वेग निवडताना दुसरंही एक बघा. व्हील कितीही तोललं तरी थोडा असमतोल उरतो आणि त्याचं बल वेगाच्या वर्गाने वाढतं. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे ५० हर्ट्झ. कॅमेऱ्याच्या बैठकीची नैसर्गिक वारंवारता तिथेच असेल तर सगळं नियंत्रण अचूक असूनही चित्र थरथरतं. कोणते वेग टाळायचे याची यादी जमिनीवरच, व्हील प्रत्यक्ष बैठकीवर फिरवून काढावी.

क्षेत्ररेषा

सुटल्यानंतरचा क्रम मी सांगतो.

सुटताना सेकंदाला काही अंश, वाईटात वाईट दहा अंश गडगड धरायची. या वेळी स्टार ट्रॅकर, म्हणजे तारे बघून दिशा ओळखणारा कॅमेरा, आंधळा असतो, कारण एवढ्या वेगात ताऱ्यांच्या रेघा होतात. व्हील्स सुरू करणंही चूक. सगळा गडगडाट व्हील्समध्ये ओतला तर ती तिथेच भरतील. म्हणून आधी फक्त मॅग्नेटोमीटर (चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र) आणि टॉर्कर. यासाठी जी रीत वापरतात तिला बी-डॉट म्हणतात. उपग्रह गडगडत असेल तर त्याच्या अंगावरून मोजलेलं चुंबकक्षेत्र सारखं बदलताना दिसतं. ते ज्या दिशेने बदलतंय त्याच्या बरोब्बर उलट दिशेचा द्विध्रुव निर्माण करायचा. गती आपोआप कमी होते. उपग्रह कुठे आहे, कोणीकडे बघतोय, यातलं काहीही माहीत असावं लागत नाही, म्हणूनच ही रीत इतकी भरवशाची.

दोन गोष्टी मात्र हमखास चुकतात. टॉर्कर चालू असताना मॅग्नेटोमीटर वाचला तर तो पृथ्वीचं नाही, टॉर्करचं क्षेत्र वाचतो. म्हणून एका सेकंदाचे भाग पाडायचे. टॉर्कर बंद, प्रवाह पूर्ण ओसरेपर्यंत थांबा, मग वाचन, मग उरलेला वेळ टॉर्कर चालू. लोहगाभ्याचा टॉर्कर असेल तर गाभ्यात थोडं चुंबकत्व मागे राहतं, तेही वाचनातून वजा करावं लागतं.

दुसरी चूक चिन्हाची. कुठेतरी एक तार उलट जोडली गेली किंवा सॉफ्टवेअरमध्ये एका अक्षाची दिशा उलट धरली, तर तीच रीत गडगड कमी करण्याऐवजी वाढवते. टॉर्करचा, मॅग्नेटोमीटरचा आणि सॉफ्टवेअरचा अक्ष असे तीन करार जुळावे लागतात, आणि प्रत्येकाच्या कागदावर वेगळी आकृती असते. जमिनीवरची साधी तपासणी अशी: उपग्रह पूर्ण जोडलेल्या अवस्थेत ठेवा, एकेका अक्षाचा टॉर्कर चालू करा, बाहेर हातात होकायंत्र धरून सुईचं उत्तर टोक कुठे वळतं ते लिहून घ्या. मग उपग्रह हाताने फिरवून सॉफ्टवेअर कोणता प्रवाह मागतं ते बघा. तिन्ही अक्षांची ही तपासणी, शेवटची जोडणी झाल्यावर पुन्हा. आधी केली होती म्हणून सोडू नका, कारण मधे कुणीतरी कनेक्टर काढून लावलेला असतो.

बी-डॉटने गती पूर्ण शून्य होत नाही, हे माहीत असू द्या. ध्रुवीय कक्षेत क्षेत्राची दिशा एका फेरीत दोनदा फिरते, आणि उपग्रह तिच्या मागे लागतो. त्यामुळे फेरीला दोन वेटोळी एवढी मंद गती उरते. तेवढी चालते.

यानंतर सूर्य शोधायचा, बॅटरीसाठी. इथे काटेकोरपणाची गरज नाही, पंखांवर ऊन पडलं की झालं. त्यानंतर व्हील्स, मग स्टार ट्रॅकर, आणि सगळ्यात शेवटी पृथ्वीकडे तोंड. आता उपग्रहाला स्थिर राहायचं नसतं, मिनिटाला ३.८ अंशांनी सतत वळत राहायचं असतं, तरच तोंड खाली राहतं.

तिसरा_अक्ष

खूप उपयोगी, आभार. दोन उपप्रश्न. स्टार ट्रॅकर इतका अचूक असताना जायरो, म्हणजे फिरण्याची गती मोजणारं यंत्र, कशाला? आणि ही सगळी उठाठेव टाळून उपग्रह सरळ भोवऱ्यासारखा फिरवत का ठेवत नाहीत?

भोवरा_भोवरा

फिरवत ठेवतात, आणि कित्येक वर्षं तीच मुख्य पद्धत होती. पण कोणत्या अक्षाभोवती, हे चुकलं तर उपग्रह उलटतो. १९५८ चा एक्सप्लोरर-१ सुमारे दोन मीटर लांब आणि १५ सेंटीमीटर व्यासाचा, पेन्सिलीसारखा होता. तो लांब अक्षाभोवती मिनिटाला ७५० फेऱ्यांनी फिरवला. त्याला चार लवचीक अँटेना होत्या. त्या वाकत राहिल्या, वाकण्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गेली. संवेग मात्र कुठेच जाऊ शकत नव्हता. तोच संवेग कमीत कमी ऊर्जेत धरायचा तर सर्वांत मोठ्या जडत्व आघूर्णाच्या अक्षाभोवती फिरावं लागतं, म्हणून तो उपग्रह काही तासांतच आडवा होऊन पंख्याच्या पात्यासारखा फिरू लागला.

तेव्हापासूनचा नियम असा: साधा फिरता उपग्रह डब्याच्या झाकणासारखा चपटा हवा, पेन्सिलीसारखा नको. इंधन डचमळतं, तारा हलतात, ऊर्जा कुठे ना कुठे जातेच. आणि फिरत्या उपग्रहाला कॅमेरा एका जागी रोखणं, पंख सूर्याकडे धरणं जमत नाही. म्हणून तीन अक्षांचं नियंत्रण.

ताराशोध

जायरोबद्दल.

स्टार ट्रॅकर काही विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) अचूकपणा देतो, पण तो दृष्टिरेषेच्या आडव्या दिशांत. दृष्टिरेषेभोवतीची फिरकी त्याला कित्येक पटींनी वाईट दिसते, म्हणून दोन ट्रॅकर वेगवेगळ्या दिशांना तोंड करून लावतात. तो सेकंदाला चार ते दहा वेळा उत्तर देतो. सूर्य ३०-४० अंशांच्या आत आला की आंधळा होतो. दक्षिण अटलांटिकवरच्या प्रारणपट्ट्यातून जाताना प्रोटॉन आदळून खोटे तारे उमटतात. जायरो मधल्या काळात बिनखंड गती सांगतो, पण त्याचं शून्य हळूहळू सरकतं. दोघांना काल्मन फिल्टरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वाचनांतून एकच अंदाज काढणाऱ्या गणितात, एकत्र करतात. ट्रॅकर जायरोचं सरकलेलं शून्य दुरुस्त करतो, जायरो ट्रॅकरच्या दोन उत्तरांमधली पोकळी भरतो.

या जोडीत काय बिघडू शकतं ते हिटोमीने दाखवलं. जपानचा हा क्ष-किरण उपग्रह फेब्रुवारी २०१६ मध्ये गेला आणि २६ मार्चला तुटला. ट्रॅकरची वाचनं मिळेनाशी झाली त्या वेळी फिल्टरने जायरोच्या शून्याचा चुकीचा अंदाज धरून ठेवला. उपग्रह स्थिर होता, पण सॉफ्टवेअरला वाटलं तो तासाला २१.७ अंशांनी फिरतोय. नसलेली फिरकी थांबवायला व्हील्सनी खरी फिरकी दिली. दिशा चुकल्यामुळे टॉर्करना संवेग नीट बाहेर टाकता आला नाही, व्हील्स भरत गेली. शेवटी सुरक्षित अवस्थेत, म्हणजे बिघाड झाल्यावर फक्त जगून राहायच्या अवस्थेत, थ्रस्टर पेटले. दुर्बिणीचा दांडा उघडल्यावर बदललेल्या वस्तुमानासाठी पाठवलेले त्यांचे आकडे चुकीचे होते, त्यामुळे थ्रस्टरनी गती कमी न करता वाढवली, आणि पंख आणि दांडा तुटून गेले.

यातून घ्यायचं ते असं. फिल्टरचा अंदाज आणि ट्रॅकर यांत मतभेद झाला तर ट्रॅकरला कायम नाकारत राहू नका. ठरावीक वेळानंतर फिल्टर नव्याने सुरू करा. आणि सूर्य-सेन्सर पूर्णपणे वेगळा साक्षीदार म्हणून ठेवा. पंखांतून येणारा प्रवाहसुद्धा साक्षीदारच आहे. ऊन कमी झालं तर दिशा चुकलीय, मग फिल्टर काहीही म्हणो.

सुरक्षित अवस्थेला लागणारे आकडे तर सगळ्यात जास्त तपासून पाठवायचे असतात, कारण ते वापरायची वेळ येते तेव्हा बाकी सगळं आधीच बिघडलेलं असतं.

एक छोटी पण नेहमीची चूक. क्वाटर्नियन (दिशा सांगणारे चार आकडे) आणि त्याची सगळी चिन्हं उलट केलेला क्वाटर्नियन एकच दिशा दाखवतात. नियंत्रकाने हे लक्षात घेतलं नाही तर दहा अंशांची चूक सुधारायला उपग्रह ३५० अंशांची प्रदक्षिणा घालतो. अदिश घटक, म्हणजे चारांतला फक्त कोनावर अवलंबून असलेला आकडा, ऋण असेल तर सगळी चिन्हं उलटवायची, एवढंच करायचं असतं.

आणि घड्याळ! खालचं ठिकाण टिपायचं असेल आणि उपग्रहाचं घड्याळ एक सेकंद चुकलं, तर तो स्वतःला ७.६ किमी पुढेमागे समजतो. ५०० किमीवरून हा फरक ०.८७ अंशांचा. ट्रॅकरची सगळी विकलांची मेहनत तिथेच वाया जाते.

तिसरा_अक्ष

शेवटचं. हेच आकडे ३यू क्यूबसॅटला, म्हणजे १०×१०×३० सेंटीमीटरच्या डब्याला लावले तर काय बदलतं?

संवेगवही

क्रम बदलतो. डबा लहान, त्यामुळे हवा आणि सूर्यप्रकाश यांना धरायला जागाच कमी. पंख उघडणारे नसतील तर हवेचा टॉर्क ०.०२ मायक्रोन्यूटन-मीटर, गुरुत्वाचा जास्तीत जास्त ०.०५. पण उरलेलं चुंबकत्व त्यांच्याइतकं घटत नाही. ०.०२ अँपिअर-चौ.मी. द्विध्रुव सहज उरतो आणि ०.८ मायक्रोन्यूटन-मीटर देतो, बाकी सगळ्यांच्या दसपटीने जास्त.

तो एकाच दिशेने राहिला तर फेरीला ४.५ मिलिन्यूटन-मीटर-सेकंद. या आकाराची व्हील्स साधारण १० धरतात, म्हणजे दोन-सव्वादोन फेऱ्यांत भरली. याउलट उपग्रहाला सेकंदाला एक अंश वळवायला जेमतेम ०.५ लागतो. व्हील निवडताना वळण्याचा हिशोब सगळे करतात, या साठवणीचा राहून जातो.

उपाय व्हील मोठं घेणं हा नाही, द्विध्रुव कमी करणं हा आहे. बॅटरीच्या जाणाऱ्या-येणाऱ्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्या. सौरपट्ट्यांवरच्या घटांची ओळ पुढून जाते तर परतीची वाट तिच्याच खालून, पाटीच्या मागून आणा, म्हणजे प्रवाहाचं वेटोळं बंदिस्त क्षेत्रफळ घेत नाही. घट जोडायच्या निकेलच्या पट्ट्या, पोलादी स्क्रू, स्प्रिंगा चुंबकाला चिकटतात का ते एकेक तपासा. मग पूर्ण उपग्रह हळूहळू गोल फिरवत जवळच्या मॅग्नेटोमीटरने मोजा, एकदा बंद असताना आणि एकदा पूर्ण भारावर चालू असताना. दोन्हींतला फरक तारांचा, बंद असतानाचा धातूंचा. जो उरेल तो टॉर्करना कायमचा उलट प्रवाह देऊन बराचसा कापता येतो. हा आकडा कक्षेत गेल्यावर व्हील्सच्या वेगांच्या नोंदींवरूनही काढता येतो, फक्त त्यासाठी चारही वेग निदान दर दहा सेकंदांनी खाली पाठवायची सोय आधीपासून ठेवा.

गडगड थांबवायचा हिशोबही सोपा आहे. आडवं जडत्व आघूर्ण ०.०३ किग्रॅ-चौ.मी., गडगड सेकंदाला १० अंश, म्हणजे ५.२ मिलिन्यूटन-मीटर-सेकंद. ०.२ अँपिअर-चौ.मी.चे टॉर्कर ६ मायक्रोन्यूटन-मीटर देतात. कागदावर पंधरा मिनिटं, प्रत्यक्षात वाचनासाठी थांबणं आणि क्षेत्राची दिशा धरून एक-दोन फेऱ्या. चार फेऱ्यांनंतरही गती घटलेली दिसली नाही तर थांबायची आज्ञा पाठवा आणि चिन्ह तपासा.

क्षेत्ररेषा

त्यासाठी टॉर्करचं चिन्ह अक्षागणिक जमिनीवरून उलटवता येईल अशी आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये आधीच घालून ठेवा. तीन बिटांचं काम आहे.